होडीचा कठडा आणि जवसाचं तेल

बरेच महिने झाले इथे काही लिहून. कारण सांगते. मागचा सगळा उन्हाळा मी लेकाकडे अमेरिकेत होते आणि त्यातले जवळजवळ दोन महिने हातात पॉलिशपेपर घेऊन एका होडीच्या टपावर बसून होते. नातेवाईकांनी आधीच फोनवर हसून घेतलंय, तेव्हा आता बाकीच्यांनी हसायला हरकत नाही. सिंदेवाहीची बाई, जिने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता, ती चेसापीक उपसागराच्या एका खाडीत बसून होडीची लाकडं घासते आहे. हसण्यासारखंच आहे.

लेकाने आणि त्याच्या एका मित्राने मिळून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. १९७८ साली तैवानमध्ये बांधलेली. याचं खूळ कुठून आलं विचाराल तर कमांडर दिलीप दोंदे यांच्या पुस्तकातून. २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. लेकाने ते पुस्तक दोनदा वाचलं आणि मग पृथ्वीप्रदक्षिणा राहू दे, निदान खाडीप्रदक्षिणा करू म्हणून ही म्हातारी होडी आणली.

होडीचं अंग फायबरग्लासचं, पण त्या काळी तैवानच्या होड्यांवर सागवान हात सैल सोडून वापरलेलं असे. आतल्या भिंती, जमीन, पायऱ्या सगळं सागाचं. आणि केबिनच्या छतावर दोन्ही कडांना लांब सागाच्या दांड्या. त्यांना हॅन्डरेल म्हणतात. मी आपला कठडा म्हणते, पण तो घराच्या गच्चीसारखा उभा कठडा नव्हे. एकच लांब फळी, खालून कमानी कमानी कापलेल्या, म्हणजे पाय छताला टेकतात आणि मधल्या कमानीत हात घालून घट्ट धरता येतं. होडी कलली की माणूस यालाच धरून पुढेमागे सरकतो. म्हणजे दिसायला नक्षी, पण जीव त्याच्यावर.

तर ही होडी गळत होती. पाऊस आला की उजवीकडच्या बिछान्यावर उशाशी थेंब थेंब. लेकाने आधी खिडक्या सील केल्या. गळतंच आहे. मग छतावर रंग दिला. गळतंच आहे. मी आपली आत बसून वर पाहत होते आणि मला एकदम आमच्या आबाजींचा आवाज ऐकू आला, "पानी पाट्यातून नाई येत बाई, सांध्यातून येते."

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. सिंदेवाहीत सुतारकाम करायचे. खाचराची चाकं, नांगर, तिफण, दारं-चौकटी, पाळणे, आणि कोणी गेलं तर तिरडीचे बांबू बांधायलाही लोक त्यांनाच हाक मारायचे. नवीन माणसांसाठी सांगते, सिंदेवाही म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नागपूरहून मूलमार्गे चंद्रपूरला जाताना लागतं. झाडीपट्टी. धानाचा मुलूख, गावाला लागून धानाचं संशोधन केंद्र आहे आणि बांध्या संपल्या की जंगल. आमच्या लहानपणी स्टेशनवर छोटी गाडी यायची, गोंदिया ते चांदा फोर्ट. आता तिथे मोठी लाईन आहे.

लेकाला म्हटलं, अरे ते कठडे कसे बसवलेत बघ. आणि तेच निघालं. प्रत्येक पायातून एक लांब बोल्ट छत भेदून आत उतरलेला. बोल्टाचं डोकं लाकडात खोल बुडवून वर सागाचंच छोटं गोल बूच मारलेलं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. लाकूड आणि छत यांच्या मध्ये पूर्वी कधीतरी मऊ लांबी भरलेली होती, ती चाळीस वर्षांत वाळून कडक झाली, तडकली आणि पाणी बोल्टाच्या कडेने आत. त्यातही वाईट म्हणजे छत एकसंध नसतं. वर फायबरग्लासचा पापुद्रा, खाली तसाच दुसरा, आणि मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड. पाणी त्या बाल्सात मुरलं की ते आतल्या आत कुजतं. वरून चकचकीत, आतून लगदा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने छतावर ठोकत गेलं की चांगल्या जागी टणटण वाजतं आणि कुजलेल्या जागी धप्प. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. आबाजी वाळवी लागलेली मयाल अशीच ठोकून बघायचे.

मग काम सुरू झालं. पटाशीने एकेक बूच उकरून काढलं. बोल्ट काढले. कठडे सोडवायला दोन दिवस लागले, कारण मागच्या मालकाने कधीतरी मधल्या पायांना कसलातरी कायमचा चिकटणारा गोंद लावला होता. इथे एक गोष्ट शिकले ती सांगते. सांध्यात भरायचं द्रव्य चिकटलं पाहिजे, पण सुटलंही पाहिजे. जो सांधा कधीच उघडता येत नाही तो दुरुस्तही करता येत नाही. पुढचा माणूस तो तोडतोच. आम्हीही एक पाय तोडला. नवीन सागाचा तुकडा जोडावा लागला.

छतातली भोकं मोठी केली, ओला बाल्सा वाकड्या खिळ्याने खरवडून काढला, दोन आठवडे ताडपत्रीखाली वाळवलं. भोकं इपॉक्सीने गच्च भरली आणि ती दगडासारखी झाल्यावर त्यातूनच पुन्हा बोल्टापुरती भोकं पाडली. म्हणजे यापुढे पाणी शिरलंच तरी ते बाल्सापर्यंत पोचणार नाही. ही युक्ती मला फार आवडली. गळती होणारच नाही असं धरून न चालता, झाली तर काय, याचा विचार आधी.

आणि कठडे घासायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस वर्षांचं वॉर्निश, अर्धं सोललेलं, अर्धं काळं पडलेलं. त्याच्याखाली लाकूड करडं, राखेसारखं. आधी ८० नंबरचा जाड पेपर, मग १२०, मग २२०. पहिल्याच दिवशी करड्याच्या खालून तो सोनेरी रंग आला आणि त्याच्याबरोबर तो वास.

सागाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला सांगता येणार नाही. थोडा चामड्यासारखा, थोडा तेलकट, थोडा जुन्या कपाटासारखा. मी पेपर खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. मला आबाजींच्या पडवीत कोणीतरी उचलून नेऊन ठेवलं होतं.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं त्यापायी हा सगळा लेख आहे. मनात आलं, हे आपल्याकडचं लाकूड असेल तर? चांद्याचा साग, आलापल्लीचा साग, जगात नाव आहे त्याचं. तो समुद्रावर नसेल का गेला? रात्री झोप येईना तेव्हा उठून वाचायला बसले. पुढचे कित्येक दिवस दिवसा घासणं आणि रात्री वाचणं.

सागाचं आणि जहाजांचं नातं जुनं आहे आणि त्याला कारणं आहेत. सागात स्वतःचंच तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात फुगत नाही, उन्हात फाटत नाही, वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. आणि एक कारण मला नवीन होतं. इंग्लंडची जहाजं ओक लाकडाची. ओकात एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्यांना खातं. गंजलेला खिळा लाकडाला खातो आणि दोघं मिळून जहाजाला खातात. सागात लोखंड सुखाने राहतं. म्हणून सागाची जहाजं ओकाच्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकायची.

आपल्याकडे हे ठाऊक होतंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमाराला, आरमाराच्या प्रकरणात सागवानाचा उल्लेख आहे. राज्यातल्या जंगलातला साग लागेल तेवढा परवानगी घेऊन तोडावा, कमी पडला तर बाहेरून विकत आणावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने पोरांसारखी वाढवलेली असतात. शाळेत हा उतारा 'पर्यावरण' म्हणून शिकवतात. मला या वेळी त्यातला दुसराच अर्थ दिसला. आंबा-फणस रयतेचा आणि साग राज्याचा, ही वाटणी तिथेही आहे.

मग मुंबईचे वाडिया. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये तिथे सुकी गोदी झाली आणि पुढे पिढ्यान्पिढ्या त्या घराण्याने जहाजं बांधली. फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकात एक बसवायच्या आणि मधे कापूस आणि राळ भरायची, ही सुरतेकडची पद्धत. म्हणजे तीच सांध्याची गोष्ट. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी तरंगते आहे. तिची एक गंमत आहे. तिचे नकाशे घेऊन जे जहाज मुंबईकडे निघालं होतं, 'जावा' नावाचं, ते वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने हरवलं. नकाशे गेले, काम रखडलं. ही 'कॉन्स्टिट्यूशन' बोस्टनला आहे, लेकाने आम्हाला दाखवली. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, मी तिथे नुसते फोटो काढले.

त्यांचंच दुसरं जहाज 'वेलस्ली', १८१५ चं. ते टेम्स नदीत शिकाऊ मुलांची शाळा म्हणून उभं होतं आणि १९४० साली जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं. सव्वाशे वर्षं! तोपर्यंत त्याच्या बरोबरीची बहुतेक ओकची जहाजं मोडीत निघून किती काळ लोटला होता कोण जाणे.

पण या सगळ्यात चांदा कुठे? कुठेच नाही. मुंबईच्या गोदीला साग यायचा तो मुख्यतः मलबारचा. समुद्राजवळचा, नदीतून किनाऱ्याला आणता येणारा. आमच्या सागाला मुंबईचा रस्ताच नव्हता. मधे पाचशे मैल बैलगाडीचा मुलूख. आमच्याकडचं पाणीही तिकडे जात नाही. सिंदेवाहीचे नाले वैनगंगेला मिळतात, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते आणि गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागरात. अहेरी-सिरोंच्याकडचं लाकूड या वाटेने राजमहेंद्रीकडे जायचं. तिथल्या मुखाशी कोरिंगा नावाचं बंदर होतं, तिथे जहाजं बांधत. वादळाच्या लाटांनी ते १७८९ मध्ये आणि पुन्हा १८३९ मध्ये उद्ध्वस्त केलं. म्हणजे आमचा एखादा ओंडका तिथे पोचून जहाज झालाही असेल. पण आमच्या गावचा? सिंदेवाहीपासून सिरोंचा म्हणजे केवढी वाट! मी नकाशावर बोट ठेवून खूप ओढाताण केली, पण ते काही जमेना.

सर आर्थर कॉटनने गोदावरीला धरण बांधलं (दवलेश्वरमचं, १८५२ ला पुरं झालं) आणि मग त्याच्या डोक्यात आलं की ही नदी वर वर्ध्यापर्यंत बोटींना मोकळी करायची, म्हणजे वऱ्हाड-नागपूरचा कापूस पाण्यानेच समुद्राला जाईल. खडक फोडायला सुरुवातही झाली. बरीच वर्षं, बराच पैसा. तेवढ्यात रेल्वे आली आणि १८७१ मध्ये ते काम सोडून दिलं. ते झालं असतं तर आमच्या मुलखाला बंदर मिळालं असतं, असं वाचताना वाटून गेलं. असो. जर-तरचं काय.

खरी मजा पुढे आहे. मजा म्हणजे कसली, सांगते. मलबारचा साग गोदीने इतका खाल्ला की इंग्रजांना धसका बसला. १८०६ मध्ये त्यांनी तिथे जंगलावर अधिकारी नेमला, कॅप्टन वॉटसन. लोकांनी इतका आरडाओरडा केला की १८२३ मध्ये ते पद रद्द करावं लागलं. मग १८४० च्या दशकात निलांबूरला कलेक्टर कोनोलीने सागाची लागवड केली, चातू मेनन नावाच्या तिथल्याच माणसाच्या हाताने. मग १८५६ मध्ये ब्रह्मदेशात ब्रँडिस, आणि १८६४ मध्ये तोच सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा मुख्य. म्हणजे राखीव जंगल, राखीव झाड, पास, परवाना, ही जी व्यवस्था आहे तिचं बीज बऱ्याच अंशी जहाजांच्या लाकडासाठी पडलं. आणि ती व्यवस्था आमच्या मध्य प्रांतात येऊन बसली १८६० नंतर. नेमकं १८६० च्या डिसेंबरात इंग्लंडने 'वॉरियर' हे लोखंडी जहाज पाण्यात सोडलं. लाकडी आरमाराचा जमाना संपला. (त्या 'वॉरियर'च्या लोखंडी चिलखतामागेही दीड फूट जाडीचं सागाचं अस्तर होतं, पण ते सोडा.)

थोडक्यात, जहाजांसाठी जन्मलेला कायदा आमच्या दारात पोचला तेव्हा जहाजांना साग नको होता. पण कायदा राहिला. पुढे आमचा साग पूल-इमारती, बंगले, खुर्च्या-टेबलं यांच्यात गेला. चंद्रपूर-गडचिरोलीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, साग आमच्या अंगणात उभा असला तरी आमचा नव्हता. निस्तारात बांबू मिळे, जळाऊ लाकूड मिळे, घराला ऐन, धावडा मिळे. साग म्हणजे सरकार. आजही स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरचा साग तोडायला परवानगी लागते आणि न्यायला टीपी लागते. १९६४ चा कायदा आहे तसा. त्यात चूक की बरोबर मला ठरवता येत नाही. कायदा नसता तर आलापल्लीला आज एक तरी मोठा साग उभा असता का, हाही प्रश्न आहे. तिथे एक तुकडा मुद्दाम न तोडता राखलाय, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात, २०१४ पासून त्याला जैवविविधता वारसा स्थळ केलंय. मी पाहिलाय. मान वर करून करून दुखते.

आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाच्या डेपोतून लाकूड गेलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर केवढा अभिमान वाहत होता. मीही दोन फोटो पुढे पाठवले होते.

आता आबाजींचं. त्यांनी जन्मभर साग कापला, तासला, रंधला. लिलावातलं, हातोड्याचा शिक्का असलेलं लाकूड, गावातल्या मोठ्या घरांचं. स्वतःच्या घरात मयाली ऐनाच्या, खांब मोहाचे. सागाची वस्तू एकच, दर्शनी दार चौकटीसकट. ती कशी आली याच्या घरात दोन कथा होत्या. एक, एका मालगुजाराच्या वाड्याचं काम केलं त्याची मजुरी पैशात न मिळता उरलेल्या लाकडात मिळाली. दुसरी कथा आजी हळू आवाजात सांगायची, तीत रात्र होती, बैलगाडी होती आणि वर पसरलेला धानाचा पेंढा होता. आबाजींना विचारलं की ते म्हणत, "तुले दारातून आत यायचं हाय का इतिहास शिकाचा हाय?"

दर दिवाळीच्या आधी ते त्या दाराला जवसाचं तेल लावत. स्वतःच म्हणायचे, सागाले तेल पाजाची गरज नाई, त्याच्या अंगातच हाय. तरी लावायचे. चिंधी बुडवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, सावकाश. आणि चौकटीच्या फटीत खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी भरायचे. ती मळायचं काम माझं. कणकेसारखी मळायची, मग हाताला आठ दिवस वास.

होडीवर एक दिवस वॉर्निशचा डबा हातात होता. पहिला हात पातळ करून द्यायचा, म्हणजे मुरतो. त्याआधी अॅसिटोनने पुसायचं, नाहीतर सागाचं तेल वॉर्निशला धरू देत नाही. मग एकावर एक हात, मधे मधे हलकं घासत. आम्ही सात दिले. तर डब्यामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचत होते आणि त्यात जवसाच्या तेलाचं नाव. मी लेकाला हाक मारली, तो म्हणाला, आई त्यात काय एवढं, जुन्या काळी सगळं वॉर्निश त्याचंच असायचं, आणि होड्यांच्या सांध्यात भरायची लांबीही. पांढरं शिसं आणि जवसाचं तेल.

मी हसायलाच लागले. इतके दिवस मी साग शोधत होते! आमच्या बांध्यांमध्ये धान कापायच्या आधी ओलीवर लाखोळी आणि जवस टाकतात, निळ्या फुलांची बांधी ज्याने पाहिली तो विसरत नाही. आणि १९ व्या शतकात मध्य प्रांताचा जवस मुंबईहून ढिगांनी युरोपला जायचा, तेल गाळायला, रंगाला, वॉर्निशला. हे गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे, मी आधी वाचूनही पुढे गेले होते. तेव्हा आमच्या मुलखातून खरंच काही समुद्रावर गेलं असेल तर ते सरकारचं लाकूड नव्हे, कुणब्या-कोहळ्यांच्या बांधीतलं ते बारीक चकचकीत बी. कुठल्याशा जहाजाच्या कठड्यावर, सांध्यात. सिंदेवाहीचंच असेल असं सिद्ध करता येणार नाही, पण या वेळी नकाशावर ओढाताण करावी लागत नाही.

आणि हे कठडे? तैवानची १९७८ ची होडी, साग ब्रह्मदेशाचा किंवा सयामचा. चांद्याचा नक्की नाही. ब्रह्मदेशाने २०१४ मध्ये ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. त्यामुळे तो तुटलेला पाय जोडायला नवा साग शोधताना लेकाची बरीच दमछाक झाली. शेवटी एका मोडीत काढलेल्या होडीच्या पायरीचा तुकडा मिळाला. तेव्हाच त्याने सहज विचारलं, "आई, आबाजींच्या घराचं ते दार आहे का गं अजून? त्यातली एक पट्टी आणली असती."

मला उत्तर देता येईना.

ते घर २००६ मध्ये पाडलं. कौलं गळत होती, मामांना स्लॅबचं घर हवं होतं, सगळ्यांनाच हवं होतं. नागपूरहून जुन्या वस्तू घेणारा एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि दार-चौकट घेऊन गेला. किंमत लिहायची लाज वाटते. मामांनी मला फोन करून विचारलं होतं. आई तेव्हा माझ्याकडेच होती. ती म्हणाली नको. मी म्हटलं, आई, नव्या घराला ते जुनं दार काय शोभणार आहे, देऊन टाक म्हणावं. आई काही बोलली नाही. त्या दिवाळीला तिने माझ्याकडच्या फ्लश डोअरला तेलाचं बोट लावलं, आणि मी ते पुसून काढलं, डाग पडेल म्हणून.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मामा वाचत असतील तर, मामा, तुमची चूक नव्हती. तुम्ही विचारलं होतंत.

कठडे ऑगस्टमध्ये परत बसवले. बोल्टाभोवती करड्या च्युइंगगमसारखी एक पट्टी गुंडाळायची, दाबून बसवायचं आणि बोल्ट एकदम न आवळता रोज थोडा थोडा आवळत जायचं. जास्तीचं द्रव्य कडेने हळूहळू बाहेर येतं. शेवटी बुचं. लेक त्यांना गोंद लावणार होता, मी लावू दिला नाही. नुसतं वॉर्निशमध्ये बुडवून बसवली, रेषेला रेष जुळवून. पुन्हा कधी काढायची तर पटाशीच्या एका टोकाने निघतील. चार दिवसांनी रात्री मोठा पाऊस आला. मी दोनदा उठून उशाशी हात फिरवून पाहिला. कोरडं होतं.

सकाळी मामांना फोन लावला, तिकडे संध्याकाळ. इकडतिकडचं झाल्यावर दाराचं विचारलं. तो माणूस कोण होता, नागपुरात कुठे राहायचा? मामांना आठवेना. मग म्हणाले, "उंबरठा हाय ना पन." कुठला उंबरठा? तर चौकट काढताना खालचं उंबरठ्याचं लाकूड जमिनीत गच्च बसलेलं निघालं नाही, टेम्पोवाला तसाच गेला. नंतर पायाच्या खोदकामात ते वर आलं आणि मामांनी विहिरीजवळ कपडे धुवायला टाकून दिलं. म्हणजे अठरा-वीस वर्षं ते साबणाच्या पाण्यात आणि पावसात पडलेलं आहे. मी विचारलं, कुजलं का? ते म्हणाले, थांब. फोन धरूनच विहिरीपाशी गेले आणि कशानेतरी ठोकलं. मला आवाज ऐकू आला. टण.

त्यांना सांगितलंय, जानेवारीत येते. तोवर कपडे दुसऱ्या दगडावर धुवा आणि लाकूड सावलीत उभं करून ठेवा. तेल लावू नका, मी घासल्यावर लावीन. जवस मात्र घाणीवरून ताजं काढून ठेवा.